स्टेशन बेलापूर, मुक्काम हरेगाव

शिर्डीला तुम्ही गेला असाल. शनिशिंगणापूरलाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने शुक्रवारी रात्री ऑफिसातून परस्पर गाडी काढून ‘एका दिवसात दोन देव’ हा कार्यक्रम एकदा तरी केलेला असतो. नगर मागे पडतं, राहुरी जाते, कृषी विद्यापीठाची शेतं दिसतात, आणि मग रस्ताभर ऊस. हिरवा, उंच, दोन्ही बाजूंनी. गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘काय श्रीमंत भाग आहे यार!’ आणि पुन्हा गाणी सुरू.

या श्रीमंत पट्ट्यात श्रीरामपूर हे बाजारपेठेचं शहर आहे, आणि श्रीरामपूरपासून गाडीने वीसेक मिनिटांवर हरेगाव. गुळगुळीत ट्रॅव्हल गाइडमध्ये हे नाव तुम्हाला सापडणार नाही. इथे धबधबा नाही, किल्ला नाही, रिसॉर्ट तर नाहीच. इथे एक साखर कारखाना होता. सहकाराचा जमाना येण्याच्या कितीतरी आधी, साहेबाच्या कंपनीचा. तो बंद पडला. गाव मात्र राहिलं, आणि त्या गावाच्या पोटात नगर जिल्ह्याची शंभर वर्षं आहेत. (हो, जिल्हा २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर झालाय. पण इथल्या माणसाला विचारा, तो अजून ‘नगरला चाललोय’ असंच म्हणतो.)

आधी नावांचा घोळ

रेल्वेने जाणार असाल तर श्रीरामपूर शोधत बसू नका. दौंड-मनमाड लाइनवर उतरायचं ते ‘बेलापूर’ स्टेशनला. नव्या मुंबईतलं नव्हे, नगरमधलं. ही लाइन १८७८ मध्ये सुरू झाली, तेव्हा स्टेशनला नाव मिळालं ते प्रवरेकाठच्या जुन्या बेलापूर गावाचं. गाव राहिलं नदीकाठी, आणि स्टेशनभोवती उभी राहिली बाजारपेठ. त्या बाजारपेठेचं पुढे श्रीरामपूर झालं, पण स्टेशनचं नाव तसंच राहिलं.

पुढची गंमत ऐका. साखरेची कंपनी निघाली ती ‘बेलापूर कंपनी’, आणि तिचा कारखाना उभा राहिला हरेगावात. म्हणजे स्टेशन बेलापूर, शहर श्रीरामपूर, कंपनी बेलापूर, कारखाना हरेगाव. पहिल्यांदा येणारा माणूस गोंधळतोच. मला रिक्षावाल्याने विचारलं, ‘ताई, बेलापूर गावात का बेलापूर कंपनीत?’ कंपनी जाऊन जमाना झाला, तरी पत्ता अजून कंपनीचाच चालतो.

पाणी होतं, गिऱ्हाईक नव्हतं

मुळात इथे साखर आलीच कशी? नगर म्हणजे दुष्काळी जिल्हा, हे आपण शाळेच्या भूगोलात पाठ केलंय. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दख्खनमध्ये धरणं आणि कालवे बांधायला घेतले. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरं झालं. हो, तेच भंडारदरा, जिथे आपण पावसाळ्यात टेंट लावून मॅगी खातो. तिथलं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी खाली पसरतं.

पण कालवा काढला म्हणून शेतकरी लगेच पाणी घेतो असं नाही. पाण्याचे पैसे पडतात. ऊस म्हणजे वर्ष-दीड वर्ष थांबायचं, खत घालायचं, मजूर लावायचे. ज्वारी-बाजरीवर आणि सावकाराच्या उसनवारीवर जगणाऱ्या कुणब्याकडे एवढं भांडवल कुठलं? सरकारला कालव्याचा खर्च वसूल करायचा होता. त्यामुळे पाण्याचं ठोक गिऱ्हाईक हवं होतं. साखर कंपनी म्हणजे असं गिऱ्हाईक. हजारो एकर जमीन एका हाती, बारमाही पीक, पाणीपट्टीची चिंता नाही.

बेलापूर कंपनी स्थापन झाली १९१९ मध्ये, मुंबईच्या ब्रॅडी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली. हरेगावचा कारखाना विसाच्या दशकातला. त्यानंतर १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर जबर जकात बसवून देशी साखर उद्योगाला संरक्षण दिलं आणि खासगी कारखान्यांची लाटच आली. श्रीरामपूरजवळ टिळकनगर, कोपरगावकडे साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर. नकाशावर ही नावं बघा. जुन्या गावांच्या नावांत ती मिसळत नाहीत. कारखान्याने स्वतःपुरतं गाव वसवलं की नावही नवं ठेवायचा. हरेगावचं नाव तेवढं जुनंच राहिलं.

भोंग्यावर चालणारं गाव

किर्लोस्करवाडी, वालचंदनगर ही नावं आपल्या ओळखीची आहेत. कारखाना, त्याभोवती वसाहत, शाळा, दवाखाना, साहेबांचे बंगले एका बाजूला आणि कामगारांच्या चाळी दुसऱ्या बाजूला. हरेगाव त्यातलंच. आज तिथे फिरलात तर पहिल्यांदा लक्षात येतात ते सरळ, रुंद रस्ते आणि जुनी झाडं. आपल्याकडचं गाव वळणावळणाने वाढतं. हे मात्र कुणीतरी कागदावर पट्टी ठेवून आखलेलं.

अशा गावाचं घड्याळ म्हणजे भोंगा. एका झाडाच्या पारावर गाठ पडलेले एक म्हातारे बाबा सांगत होते, ‘भोंगा वाजला का बाया चुलीवर तवा टाकायच्या. घड्याळ बघायला कुणाच्या घरात होतं?’ गळीत हंगाम म्हणजे दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटायचा आणि उन्हाळा लागेपर्यंत रात्रंदिवस पाळ्या. मळ्यांतून ऊस यायचा, गव्हाणीत मोळी पडायची, रस निघायचा, उकळायचा, आणि सगळ्या पंचक्रोशीत मळीचा वास. हा वास ज्याच्या नाकात लहानपणी बसला, त्याला तो आयुष्यभर ओळखू येतो. बाहेरच्याला तो उग्र वाटतो, इथल्यांना पगाराचा.

पगार या शब्दावर जरा थांबा. त्या काळच्या खेड्यात रोख पगार ही क्रांतिकारक गोष्ट होती. गावगाड्यात बलुतं मिळायचं, म्हणजे सुगीत पेंढ्या आणि एरवी शिळी भाकरी. कारखान्यात मजुरी कमी असेल, काम जीवघेणं असेल, पण आठवड्याला हातात नाणं पडायचं, आणि त्यासाठी पाटलाच्या वाड्यापुढे उभं राहावं लागत नव्हतं. ऊसमळ्यांत आणि कारखान्यात राबायला आलेल्यांमध्ये भूमिहीन आणि दलित कुटुंबं मोठ्या संख्येने होती. पुढची गोष्ट त्यांचीच आहे.

डिसेंबर १९३९

हरेगावचं नाव इतिहासात नोंदलं गेलं ते साखरेमुळे नाही. डिसेंबर १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले. विषय होता महार वतनाचा.

आपल्यापैकी अनेकांना ‘वतन’ म्हटलं की जहागीरदाराचा थाट आठवतो. हे वतन नेमकं उलटं. गावकीची कामं करायची, निरोप पोचवायचे, सरकारी माणसाची बडदास्त ठेवायची, मेलेलं ढोर ओढायचं, आणि बदल्यात तुटपुंजा जमिनीचा तुकडा. जमीन वाडवडिलांकडून येते, आणि तिच्यासोबत राबणंही. १८७४ च्या वतन कायद्यात हे सगळं पक्कं बांधलेलं होतं. तो बदलण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणलं होतं. ते पार पडू शकलं नाही. वर सरकारने या जमिनींवरचा सारा, म्हणजे ‘जुडी’, वाढवली. राबवून घ्यायचं ते घ्यायचंच, आणि तुकड्यावरचा करही चढवायचा. त्याविरुद्ध हरेगावला परिषद भरली.

परिषदेसाठी कारखान्याचंच गाव का निवडलं, हे तिथे उभं राहिलं की उमगतं. वतन आणि पगार, या दोन्ही जगण्यांची चव घेतलेली माणसं इथे शेजारी शेजारी राहत होती. एकाला भोंगा बोलवायचा, दुसऱ्याला चावडी. फरक समजावून सांगायला पुस्तकाची गरज नव्हती.

वतनं रद्द करणारा कायदा आला १९५८ मध्ये, बाबासाहेबांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. हरेगावात मात्र दर डिसेंबरात त्या परिषदेच्या आठवणीसाठी लोक जमतात.

मग जमीन कुणाची?

आता या गावाच्या सगळ्यात गुंतागुंतीच्या गोष्टीकडे येऊ. ‘सातबारा’ म्हटलं की जांभई येणाऱ्यांनीही जरा कळ काढा.

कारखान्यांना ऊस हवा, उसाला जमीन हवी. ती त्यांनी दोन वाटांनी मिळवली. एक वाट म्हणजे शेतकऱ्याकडून खंडाने घ्यायची. वर्षाला ठरावीक रक्कम, करार लांब मुदतीचा. असे जमीन देणारे ते ‘खंडकरी’. दुसरी वाट सरकारी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हरेगावभोवतीच्या नऊ गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि त्या कंपनीच्या ताब्यात गेल्या. या जमिनींच्या प्रश्नाला इथे ‘आकारी पड’ म्हणतात.

स्वातंत्र्य आलं. १९६१ मध्ये महाराष्ट्राने कमाल जमीन धारणा कायदा केला. कसणाऱ्याला जमीन मिळावी, बड्या धेंडांची मक्तेदारी मोडावी, हा हेतू. खासगी कारखान्यांचे हजारो एकरांचे मळे अर्थातच जादा ठरले. पण ते मूळ शेतकऱ्याकडे गेले नाहीत. ते गेले १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे. एका मोठ्या मालकाऐवजी दुसरा मोठा मालक आला, एवढाच फरक. आजोबांनी खंडाने दिलेली जमीन नातवाला समोर दिसतेय, तिच्यात ऊस उभा आहे, आणि नातू त्याच शेतात रोजंदारीवर, असंही चित्र त्यातून तयार झालं.

खंडकऱ्यांनी मोर्चे काढले, धरणी धरली, कोर्टकचेऱ्या केल्या. मनमाडचे कम्युनिस्ट नेते माधवराव गायकवाड यांनी हा लढा अनेक दशकं चालवला. शेवटी कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१२ पासून जमिनी परत मिळायला सुरुवात झाली. महामंडळाची स्थापना १९६३, परतफेड २०१२. मधली एकोणपन्नास वर्षं मोजा. ज्यांनी अर्ज केले त्यातले कित्येक जण सातबाऱ्यावर नाव बघायला राहिले नाहीत. आकारी पडीच्या जमिनींसाठी नऊ गावांतल्या वारसांना तर त्यानंतरही कोर्टाची पायरी चढावी लागली. आणि या सगळ्यांत सगळ्यात छोटी मागणी महामंडळाच्या मळ्यांत राबलेल्या कामगारांची. त्यांना शेत नको होतं. जिथे दोन-तीन पिढ्या राहिल्या, त्या घराखालची जागा नावावर हवी होती.

कारखान्याचं काय झालं, तेही याच गणितात आहे. साखरेचा कारखाना घरच्या उसावर जगतो. मळे हातचे गेले. त्यातच शेजारी प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला होता. (गाडगीळ म्हणजे आपल्या बीएमसीसी रोडवरच्या गोखले इन्स्टिट्यूटचे. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी या भागाचं काय केलं, याचा त्यांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.) सहकाराने भाव दिला, सभासदत्व दिलं, आणि ऊस तिकडे वळला. खासगी कंपनीला मळे नाहीत आणि मनात जागाही नाही. हरेगावचा भोंगा पुढे थांबला तो थांबलाच.

शेजाऱ्याने काय केलं?

श्रीरामपूरजवळच्याच टिळकनगरची गोष्ट तुलनेसाठी बघा. १९३३ मध्ये महादेव डहाणूकरांनी ‘महाराष्ट्र शुगर मिल्स’ काढली आणि गावाला लोकमान्यांचं नाव दिलं. साखर तिथेही टिकली नाही. पण मळीपासून अल्कोहोल होतं, आणि अल्कोहोलपासून... बरोबर. ‘मॅन्शन हाउस’ ब्रँडी बनवणारी ‘टिळकनगर इंडस्ट्रीज’ ती हीच. ही ब्रँडी दक्षिणेत धडाक्याने खपते. २०२५ मध्ये याच कंपनीने फ्रेंच कंपनी पर्नो रिकार्डकडून ‘इम्पीरियल ब्लू’ व्हिस्की घेण्याचा सुमारे ४,१५० कोटींचा सौदा जाहीर केला, तेव्हा कॉर्पोरेट मुंबईत भुवया उंचावल्या. कोपरगावकडच्या सोमय्यांच्या साकरवाडीतही आज साखरेऐवजी रसायनं बनतात. उसाच्या गोडव्यावर सुरू झालेले तीन कारखाने. एक दारूवर तरला, एक रसायनांवर, आणि हरेगावचा तरलाच नाही.

माऊली

तरीही वर्षातून एकदा हरेगावात पाय ठेवायला जागा नसते. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस. त्या सुमाराच्या शनिवार-रविवारी इथल्या संत तेरेजा चर्चमध्ये मतमाऊलीची यात्रा भरते. लाखांनी माणसं येतात. नाशिक, संभाजीनगर, जालना, पुणे, मुंबई. बसने, टेंपोने, आणि कितीतरी जण चक्क पायी. वांद्र्याच्या माउंट मेरीला कोळी मंडळी ‘मोत माऊली’ म्हणतात, त्याच नावाची ही बहीण. नगर जिल्ह्यात मिशनऱ्यांनी दुष्काळाच्या दिवसांपासून काम केलं आणि दलित समाजातली अनेक कुटुंबं ख्रिस्ती झाली. त्यांचं हे पंढरपूर म्हणा ना.

चर्चमधली मराठी ऐकण्यासारखी आहे. प्रार्थना मराठीत, गाणी मराठमोळ्या चालीत, नवस आपल्याच पद्धतीचे. बाया डोईवर पदर घेऊन मेणबत्ती लावतात. यात्रेत पाळणे, खेळणी, भजी, जिलेबी, बांगड्या, सगळं. यात्रेला येणाऱ्यांत सगळे ख्रिस्तीच असतात असंही नाही. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासं इथून फार लांब नाही. तिथे ज्ञानोबा माऊली, इथे मारिया माऊली. एका जिल्ह्यात एकाच शब्दाने दोघांना हाक मारली जाते, आणि कुणाला त्यात खटकत नाही.

पारावरच्या बाबांना मी विचारलं, पोरं काय करतात? ‘एक सुप्याला कंपनीत, एक चाकणला,’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘सप्टेंबरात येतात दोघंबी.’ तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्येही एखादा असेल, ‘मी नगरचा’ म्हणणारा. नगरचा म्हणजे कुठला, एवढं त्याला विचारून बघा. बहुतेक जण गावाचं नाव सांगतच नाहीत, ‘तुम्हाला माहीत नसेल’ म्हणून सोडून देतात. तो हरेगाव म्हणाला, तर जमिनीचं काय झालं, हेही विचारा. चहाचा ब्रेक पुरणार नाही, पण ऐका.

जायचंय?

कसं जाल: पुण्याहून नगर-राहुरीमार्गे श्रीरामपूर, साधारण १९० किलोमीटर, साडेचार तास धरा. रेल्वेने दौंडमार्गे बेलापूर स्टेशन. तिथून हरेगावला रिक्षा.

केव्हा जाल: गर्दी चालत असेल तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यात्रेला. शांतपणे गाव बघायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी, उसाने भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॉल्याही दिसतील. रात्रीचं ड्रायव्हिंग मात्र टाळा, ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असं नाही.

काय बघाल: चर्च, जुनी वसाहत, झाडं. फोटो काढण्याआधी विचारा. घरं जुनी असली तरी त्यांत माणसं राहतात. भंडारदऱ्याला गेला असाल, तर येताना कालवा नक्की बघा. पाणी तेच आहे.